खडक, वारा आणि ईश्वरभय

शब्दांचा आधार नसलेला स्वर डोंगर किंवा दरी दाखवू शकतो का, हा सौंदर्यशास्त्रातील जुना वाद आहे. परंतु त्याच्या पोटात असलेला धार्मिक प्रश्न अधिक अवघड आहे, तो असा की सृष्टी ऐकवणारे संगीत स्रष्ट्याविषयी काही सांगू शकते काय. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) याचे उत्तर निःशंक होकारार्थी होते. हा श्रद्धाळू कॅथलिक सहा दशके पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीसाठी रचना करण्याची मागणी आल्यावर त्याने १९७२ मध्ये युटा राज्यातील ब्राइस कॅन्यन, सीडर ब्रेक्स आणि झायन येथील दऱ्या पाहिल्या व तेथील पक्ष्यांचे आवाज स्वरलिपीत टिपले. त्यांतून ‘दऱ्यांपासून ताऱ्यांपर्यंत’ अशा अर्थाच्या शीर्षकाची बारा भागांची कृती उभी राहिली आणि १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर झाली.

स्वर ऐकताच आपल्याला रंग दिसतात, असे मेसियाँ सांगत असे. त्यामुळे ब्राइसच्या तांबड्या-नारिंगी खडकांसाठी योजलेले स्वरसमूह त्याच्या दृष्टीने निव्वळ अलंकार नव्हते. याच कृतीसाठी त्याने ‘जिओफोन’ हे वाद्य घडवले, म्हणजे आत धातूच्या बारीक गोळ्या भरलेला चपटा ढोल, जो हळूहळू कलता केला की माती सरकल्यासारखा आवाज येतो. वाऱ्यासाठी वातयंत्र आहे, ज्यात कापडाखाली फिरणाऱ्या दंडगोलाच्या घर्षणातून घोंगावणे निर्माण होते.

येथेच अडचण उद्भवते. हेच वातयंत्र रिचर्ड स्ट्राउसच्या १९१५ मधील ‘आल्प्स सिंफनी’तही आहे, आणि त्या कृतीला नीत्शेच्या ग्रंथावरून ‘अँटीक्राइस्ट’ म्हणण्याचा विचार स्ट्राउसने १९११ मध्ये दैनंदिनीत नोंदवला होता. ख्रिस्ती धर्म नाकारणारा वारा आणि ईश्वराची स्तुती करणारा वारा कानाला वेगळे ऐकू येत नसतील, तर साक्ष स्वर देत नाही, शीर्षक देते. वेदान्ती परिभाषेत हा अध्यारोप, म्हणजे वस्तूवर तिच्या ठायी नसलेल्याचा आरोप, ठरेल. मेसियाँची बाजू अशी मांडता येईल की कॅथलिक विचारानुसार सृष्ट वस्तू मुळातच स्रष्ट्याची खूण असते, संगीतकार ती फक्त उघड करतो. मात्र ती खूण ओळखायला श्रद्धा आधी लागते, हे उरतेच.

शेवटच्या भागात झायनची दरी स्वर्गीय नगरी होते, पण त्या दरीचे नावच मॉर्मन वसाहतकऱ्यांनी बायबलातून आणलेले असल्याने तेथे अर्थ संगीतापूर्वीच सिद्ध होता. सीडर ब्रेक्सचा भाग ईश्वरभयाला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकी एकाला, वाहिलेला आहे, आणि खोल कड्यासमोर वाटणारे भय श्रद्धाळू व अश्रद्ध दोघांच्याही अंगावर येते. म्हणून धर्मचिंतन या दृष्टीने पाहता, भव्य शेवटापेक्षा हाच भाग अधिक भक्कम ठरतो.