पुराणकथांतल्या रिकाम्या जागा

ड्रॅगन, बुटके, जादूगार, शापित अंगठी हा आजच्या फँटसीतला सगळा सरंजाम जुन्या पुराणकथांतून आला, हे आता कुणाला नव्याने सांगायला नको. पण पुराणकथा तर जगात सगळीकडे आहेत. मग एका कथेतून अख्खे नवे जग उभे राहते आणि दुसरी नुसतीच पुन्हा पुन्हा सांगितली जाते, असे का? मला वाटते, कथेने काय सांगितले यापेक्षा तिच्यात काय सांगायचे राहून गेले, याला इथे जास्त महत्त्व आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या पुस्तकांमागचा इतिहास पाहिला की हे पटते.

हा इतिहास आइसलँडमध्ये सुरू होतो. इ.स. १००० च्या सुमारास त्या बेटाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ओडिन, थॉर या देवांची पूजा मागे पडली. कवींच्या भाषेत मात्र हे देव पदोपदी होते. त्यांच्या कथा ठाऊक नसतील तर कवितेचा अर्थच लागेना. म्हणून स्नोरी स्टुर्लुसन या ख्रिस्ती सरदाराने १२२० च्या सुमारास ‘एडा’ लिहिली. कवी होऊ पाहणाऱ्यांसाठी जुन्या कथांचे ते जणू पाठ्यपुस्तकच होते. त्याच शतकात पुढे एका अनाम लेखनिकाने जुनी देवगीते कातड्याच्या पानांवर उतरवून ठेवली. श्रद्धा सरली होती, पण कविकर्मासाठी कथा जपल्या गेल्या.

या गीतांपैकी ‘व्होलुस्पा’ हे सृष्टीच्या जन्माचे आणि अंताचे गीत. त्याच्या ओघात मध्येच बुटक्यांच्या नावांची लांबलचक यादी येते: दुरिन, द्वालिन, बिफुर, बोंबुर, थोरिन, गंडाल्फ. यातल्या बहुतेकांचा ना पराक्रम सांगितला आहे, ना शेवट. नुसती नावे.

एकोणिसाव्या शतकात अशा ठेव्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये जर्मन लोककथा छापल्या. एलियास ल्योनरोट या डॉक्टराने गावोगाव हिंडून फिनिश गीते गोळा केली, ती एकमेकांना जोडली आणि १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले. पुराणकथा आता राष्ट्राचा वारसा ठरली. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी आइसलँडच्या एका विद्वानाबरोबर ‘व्होल्सुंग सागा’चे भाषांतर केले (१८७०) आणि आयुष्याच्या अखेरीस संपूर्ण कल्पित प्रदेशांत घडणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या. वारशाचा आता कच्चा माल झाला होता.

टॉल्किन यांनी सुरुवात केली ती पुनर्कथनाने. १९१४ मध्ये ‘कालेवाला’तल्या कुल्लेर्वोची शोकांतिका त्यांनी लिहायला घेतली आणि अर्धीच सोडली. तोच शापित नायक पुढे त्यांच्या स्वतःच्या जगात तुरिन होऊन आला. ‘हॉबिट’साठी (१९३७) त्यांनी बुटक्यांची नावे ‘व्होलुस्पा’च्या त्या यादीतून उचलली. पहिल्या खर्ड्यात गंडाल्फ हा बुटक्यांचा म्होरक्या होता आणि जादूगाराचे नाव वेगळेच होते. मग नावांची अदलाबदल झाली. मागे कथा नसल्यामुळे ते नाव हवे तसे वळवता आले. ओडिनच्या बाबतीत अशी मोकळीक घेता आली नसती.

‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. त्यात कुणीतरी ड्रॅगनच्या खजिन्यातून एक प्याला चोरतो आणि ड्रॅगन खवळून उठतो. काव्याचे एकच हस्तलिखित उरले आहे आणि नेमके या चोरीचे पान इतके खराब झाले आहे की चोर कोण, तो तिथे का शिरला, हे धड वाचता येत नाही. ‘हॉबिट’चा नायक बिल्बो स्माउग या ड्रॅगनच्या गुहेतून प्यालाच पळवतो. लिहिताना ‘बेओवुल्फ’ जाणीवपूर्वक मनात नव्हते, असे टॉल्किन यांनी नंतर म्हटले. पण आयुष्यभर ते काव्य शिकवणाऱ्या प्राध्यापकाने त्या निनावी चोराला चेहरा दिला, हे खरेच.

१९३९ च्या एका व्याख्यानात टॉल्किन यांनी फँटसीची अट मांडली: कल्पित जगाला स्वतःचे नियम हवेत आणि ते त्या जगात पाळले गेले पाहिजेत. पुराणकथेला समाजाची श्रद्धा आयती मिळते. फँटसीकाराला ती पानापानावर कमवावी लागते.

आपल्याकडे मराठीत वेगळी वाट निघाली. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९), इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (दोन्ही १९६७) या महाभारतावरच्या पुस्तकांनी नवे जग उभारले नाही. जुन्या माणसांच्या मनात शिरून त्यांना प्रश्न विचारले. त्याचे कारण उघड आहे. महाभारतात जवळजवळ प्रत्येकाचे कूळ, शाप आणि वर सांगून झालेले आहेत, शिवाय कीर्तनाप्रवचनांतून ही कथा आजही जिवंत आहे. तिथे घटना बदलायला वाव नाही, मन उकलायला मात्र भरपूर आहे. या वाटेने मराठीला मोठे साहित्य दिले.

तरी रिकाम्या जागा आपल्याकडेही आहेत. कृष्ण अश्वत्थाम्याला तीन हजार वर्षे एकट्याने भटकण्याचा शाप देतो. त्या भटकंतीत काय घडले, हे व्यास सांगत नाहीत. ती जागा लोकांनी भरली. नर्मदेच्या परिक्रमेत आणि सातपुड्यात कपाळाच्या जखमेसाठी तेल मागणारा अश्वत्थामा भेटल्याच्या गोष्टी आजही सांगतात. ‘कल्की २८९८ एडी’ या तेलुगू चित्रपटाने (२०२४) त्याला थेट भविष्यात नेऊन उभे केले.

मराठीत फँटसी लिहू पाहणाऱ्यांना म्हणूनच सांगावेसे वाटते की अर्जुन-कर्ण थोडे बाजूला ठेवा. गावच्या स्थळपुराणातला नावापुरता राक्षस, वेशीवरच्या वीरगळावरचा अनाम योद्धा, जिची कथा कुणालाच पुरती येत नाही अशी ग्रामदेवता, इथे लेखकाला मोकळे रान आहे. आणि लोककथा गोळा करणाऱ्यांनी अर्थ न लागणारी नावे, तुटक ओळी गाळू नयेत, स्वतःच्या मनाने जुळवूनही टाकू नयेत. ऐकले तसे लिहून ठेवावे. त्याचे काय करायचे ते पुढचा लेखक ठरवील.