प्रेतवस्त्रे कोणी सोडावी?

(शास्त्रपाठ : योहान 11:38-44)



दोन वर्षांपूर्वी आम्ही कोऱ्हाळे बुद्रुक येथे एका घरी प्रार्थनेस गेलो होतो. निरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर त्या शिवारात ऊस पिकतो व उसाबरोबर घरात पैसा येतो. परंतु त्या घरी आलेला पैसा चार दिवसांत गुत्त्यात गेला होता. प्रार्थना आटोपल्यावर घरच्या बाईने आम्हांस विचारिले, “पाळकसाहेब, यांनी मंडळीपुढं तीनदा शपथ घेतली, तीनदा मोडली. आता देवानं यांना टाकलं म्हणायचं का?”

ह्या प्रश्नाने आम्ही लज्जित झालो. कारण देवाने त्या मनुष्यास टाकिले होते की नाही हे पाहण्याआधी, आम्ही त्यास टाकिले होते हे उघड होते. तिसरी शपथ मोडल्यावर त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविले, आणि मग सहा महिने त्याच्या उंबऱ्यावर आम्ही पाऊलही ठेविले नव्हते. त्या रात्री घरी परतल्यावर आम्ही लाजराची कथा पुन्हा वाचिली, व तीत जे आम्हांस दिसले ते आज आपणांपुढे ठेवितो.

प्रभूने लाजरास जिवंत केले. परंतु कबरेच्या तोंडची धोंड त्याने स्वतः लोटिली नाही. ती लोकांकडून काढविली. लाजर बाहेर आला तेव्हा त्याचे हातपाय बांधलेले व तोंड रुमालाने गुंडाळलेले होते. ते बंध सोडण्याचे कामही प्रभूने जवळ उभ्या असलेल्यांसच सांगितले. जीवन देणे हे देवाचे काम. धोंड काढणे व बंध सोडणे हे शेजाऱ्यांचे काम. आम्ही मात्र प्रेतवस्त्रांत बांधलेल्या मनुष्यास, तू धावत का नाहीस, असे विचारीत बसलो होतो.

पहिली धोंड लज्जेची आहे. घरचा माणूस पितो हे बायको लपविते, लेकरे लपवितात, आणि आम्ही दारूड्या म्हणून त्याची हेटाळणी करून ती धोंड अधिकच घट्ट बसवितो. पहिला प्याला मनुष्य आपल्या इच्छेने घेतो, हे खरे. आणि ते पाप आहे असे आम्ही आजही शिकवितो. परंतु वर्षानुवर्षांच्या पिण्याने शरीर व मेंदू असे बदलतात की पुढे इच्छाच रोगी होते. जागतिक आरोग्य संघटनेने ह्या अवस्थेची गणना रोगांत केली आहे. रोग्यास शपथ घालून कोणी ज्वर उतरवीत नाही.

दुसरी गोष्ट, बंध हलक्या हातांनी सोडावे लागतात. पुष्कळ वर्षे भारी पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडिली, तर पहिल्या दोनचार दिवसांत हात कापतात, घाम सुटतो, झटके येतात. नसलेली माणसे व किडे दिसू लागतात. गावात ह्यास भूतबाधा म्हणतात. ही बाधा नव्हे, आणि हिच्यात प्राणही जातो. ह्यास्तव उपदेशकांनो, अशा मनुष्यास उपासाच्या नावाने खोलीत कोंडू नका. त्यास इस्पितळात न्या. डॉक्टर औषधांनी कंप शांत करितात, ब-1 जीवनसत्त्व देतात, व धोक्याचे दिवस पार पाडितात. तसेच चहात गुपचूप घालण्याच्या पुड्या विकत घेऊ नका. दारूचा तिटकारा आणणारे औषध रोग्यास न कळविता दिले व तो त्यावर प्याला, तर जिवावर बेतते. लूक वैद्य होता, आणि पौलाने त्यास आपल्या सोबत्यांत मोजिले, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट, जो स्वतः बांधला गेला होता त्याचे हात गाठी सोडण्यास विशेष उपयोगी पडतात. 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन व डॉक्टर बॉब स्मिथ हे दोन मद्यपी एकमेकांशी मोकळेपणी बोलले, व त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संगत निघाली. तिचा नियम साधा आहे : जन्माची नव्हे, आजच्या दिवसाची दारू टाळावयाची. आपल्या पुण्यातही डॉक्टर अनिता व डॉक्टर अनिल अवचट ह्यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण उघडिले, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांनी त्यास द्रव्यसाहाय्य केले. तेथे रोगी सुमारे पाच आठवडे राहतात. व्यायाम, काम, एकमेकांपुढे बोलणे हाच त्यांचा नित्यक्रम. व्यसनातून सुटलेलेच कित्येकजण तेथे नव्यांची सेवा करितात. आणि घरच्यांसही बोलावून समजाविले जाते, कारण एकजण पितो तेव्हा सर्व घर आजारी पडते. 1949 साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला. कायदा गुत्ता बंद करू शकतो. पण मनुष्याच्या हातापायांच्या गाठी माणसांनाच सोडाव्या लागतात.

आता त्या बंधूविषयी. आम्ही त्यास घेऊन इस्पितळात गेलो. तो बरा होऊन आला. मंडळीतील दोघे तरुण रोज सांजेस, गुत्त्याच्या वेळी, त्याच्याबरोबर कालव्याच्या काठाने फिरू लागले. चार महिन्यांनी एका लग्नात तो पुन्हा प्याला. पूर्वीचे आम्ही असतो तर त्याच दिवशी त्याचे नाव खोडले असते. त्या रात्री आम्हांस पेत्राची आठवण झाली. त्याने तीनदा नाकारिले, आणि प्रभूने त्यास तितक्याच वेळा विचारून पुन्हा कामास लाविले. दुसऱ्या सकाळी आम्ही त्याच्या दारी गेलो. तो म्हणाला, “मला वाटलं, आता तुम्ही येणार नाही.” तेव्हापासून आज चौदा महिने तो प्यालेला नाही. उद्याचे आम्हांस ठाऊक नाही, त्यासही नाही. तो आजचा दिवस मागतो, व आम्ही त्याच्याबरोबर मागतो.

मंडळीहो, आपल्या वस्तीत असा कोण आहे हे आपणांस ठाऊक आहे. ह्या आठवड्यात त्याच्या घरी जा. उपदेश करू नका. बसा, चहा घ्या, ऐका. तालुक्याच्या सरकारी इस्पितळात चौकशी करा. व्यसनमुक्तीसाठी सरकारने 14446 हा विनामूल्य दूरध्वनी ठेविला आहे, त्यावर विचारा. जेथे बायकोलेकरांस मार बसतो तेथे प्रथम त्यांस सुरक्षित जागी न्या. सोसत राहा असे त्यांस सांगणे ही ख्रिस्ती सहनशीलता नव्हे. लग्नकार्यांत कोणासही प्याल्याचा आग्रह होऊ देऊ नका.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही उशिरा दिले, ते हे : बाई, देवाने त्यास टाकिले नाही. प्रभूने हाक मारिली होती. गाठी सोडावयास आम्हीच आलो नव्हतो.

हे प्रभो, आमचे हात ह्या कामास लाव, आणि दुर्गंधीस भिऊन कबरेपासून दूर उभे राहण्याच्या पापापासून आम्हांस राख. आमेन.