उत्तर माहीत असणं आणि उत्तर देणं

ट्रेकिंगच्या ग्रुपवर अधूनमधून एक फोटो येतो. डोंगराची कड, खाली उतरत गेलेली पायवाट, बाजूला पांढुरक्या खोडाचं एखादं झाड. सोबत एकच ओळ: ‘ओळखा पाहू, कुठं आहे?’ थोड्याच वेळात कुणीतरी अचूक उत्तर देतं आणि नकाशावरची पिनच टाकून मोकळं होतं. मग अंगठे, टाळ्या, ‘भाऊ, मानलं तुले!’ या खेळात चुकण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. माझ्या मते, खेळात काहीच नाही. प्रश्न त्या पिनचा आहे.

आधी खेळाची बाजू. फोटोवरून जागा ओळखायला खरं ज्ञान लागतं. आमचं बाळापूर सपाटीवर, मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर. इथून उत्तरेला गेलं की अकोटच्या पुढे गाविलगडचे डोंगर भिंतीसारखे उभे राहतात आणि त्यांच्या मागे मेळघाट सुरू होतो. म्हणून या भागातल्या फोटोत पायाशी कडा आणि पुढे दूरवर शेतं दिसत असतील, तर फोटो काढणाऱ्याचं तोंड बहुधा दक्षिणेला, पूर्णेच्या खोऱ्याकडे असतं. ऊन उजवीकडून येत असेल तर दुपार कललेली आहे. साग उघडाबोडका आणि पळस फुललेला असेल तर होळी जवळ आली आहे. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे भर बाराच्या सुमाराला माणसाची सावली जवळपास त्याच्याच उंचीएवढी आणि उत्तरेला पडते. मेच्या शेवटच्या आठवड्यात तीच सावली पायाखाली नाहीशी होते. दारावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला दिसला तर गाविलगड आठवतो, नक्षीदार सज्जे आणि अक्षरांची कोरीव पट्टी दिसली तर नरनाळ्याचा महाकाली दरवाजा. हे सगळं वाचता येणं म्हणजे आपला मुलूख वाचता येणं. त्याचा आनंद कुणी हिरावून घेऊ नये.

पण उत्तर सापडणं आणि ते सगळ्यांना वाटणं या दोन वेगळ्या कृती आहेत. सॉफ्टवेअरमध्येही माहिती वाचायची परवानगी आणि ती जगाला खुली करायची परवानगी वेगवेगळी ठेवतात. एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

यावर लगेच एक आक्षेप येतो, आणि तो मजबूत आहे. जागा लपवणं म्हणजे ‘मला कळलं, तुला कळू नये’ अशी मक्तेदारी झाली. शिवाय जागा ओळखून जगाला सांगितल्यामुळे भलंही होतं. रानपिंगळ्याचंच बघा. हा छोटा पिंगळा १८८४ नंतर कुणाला सापडला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहातला एक नमुना १९१४ साली गुजरातमधल्या मांडवीजवळ मिळाल्याची नोंद होती, म्हणून शोध त्या बाजूला वळत राहिला. पामेला रासमुसेन यांनी तपास केला तेव्हा कळलं, की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला आणि त्याची चिठ्ठी खोटी होती. मग त्यांनी खऱ्या जुन्या नमुन्यांवरच्या नोंदी धरून खानदेश गाठला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. नंतर तो मेळघाटातही सापडला. तो कुठे आहे हे कळल्याशिवाय त्याला वाचवायचा विचारही करता आला नसता.

दुसऱ्या टोकाला रायगड जिल्ह्यातला देवकुंड धबधबा आहे. निळ्या-हिरव्या डोहाचे फोटो फोनाफोनांत फिरले, गर्दी वाढली, माणसं बुडाली आणि पावसाळ्यात तिथं जायला बंदी घालायची वेळ प्रशासनावर आली. फोटोत डोह दिसतो. वरच्या डोंगरात पाऊस झाला की ओढा किती वेळात फुगतो, ते दिसत नाही. पिन माणसाला जागेपर्यंत नेते, पण जागेची समज देत नाही. खुणा जुळवत जागा शोधणाऱ्याला मात्र वाटेतच पाणी, चढ, ऋतू, जंगलाची हद्द यांची ओळख होते. शोधायला लागणारे कष्ट हे एका अर्थी त्या वाटेचं प्रशिक्षणच असतं.

आणि वाट कुणाची, हा प्रश्न तर आपण विचारतच नाही. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्र प्रकल्पासाठी या शतकाच्या सुरुवातीला जंगलातून उठवून दुसरीकडे वसवली गेली. अशा गावांच्या पाऊलवाटा लगेच पुसल्या जात नाहीत. आपल्या फोटोत जी ‘अनोळखी, कुणालाच माहीत नसलेली’ वाट दिसते, ती कुणाची तरी बाजाराची, पाण्याची, माहेरची वाट असू शकते. वाघासाठी ज्यांनी घर सोडलं, त्यांच्याच वाटेवर आपण रील काढायला विनापरवाना शिरायचं आणि त्याला शोध म्हणायचं, हे कोणत्या न्यायात बसतं?

म्हणून मला एक साधी कसोटी पटते: हे उत्तर उद्या हजार जणांनी वापरलं, तर त्याची किंमत कोण मोजेल? आपणच मोजणार असू, तर खुशाल सांगावं. पण ती किंमत ग्रुपवर नसलेल्यांना मोजावी लागणार असेल, म्हणजे घरट्यावरच्या पक्ष्याला, पाणवठ्यावर येणाऱ्या जनावराला, एकाच झऱ्यावर जगणाऱ्या पाड्याला, तर ते उत्तर परस्पर वाटून टाकायचा हक्क आपल्याला नाही. ही कसोटी दोन्ही बाजूंनी चालते. कुणी डोंगरात हरवलं असेल आणि त्याचा शेवटचा फोटो आपल्याला ओळखता येत असेल, तर क्षणभरही न थांबता सांगायचं. बाळापुरात मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. तिचं ठिकाण तर ओरडून सांगावं, कारण अशा वास्तूला गर्दीपेक्षा विस्मरणाचा धोका जास्त असतो. गाभा क्षेत्रातल्या पाणवठ्याची पिन मात्र फोनमध्येच राहू द्यावी.

मक्तेदारीचा आक्षेप तरीही उरतोच. त्यावर उपाय एकच दिसतो: उत्तर राखून ठेवलं तरी पद्धत राखून ठेवू नये. सावली कशी वाचायची, दगड काय सांगतो, कोणत्या गेटवर परवानगी मिळते, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला शिकवावं. आणखी एक गोष्टही सांगावी: लोकेशन चालू ठेवून काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाचे आकडे लपलेले असतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतात, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तसेच पुढे जातात. न सांगताही पिन वाटली जाते ती अशी.

मग ग्रुपवर पुढचा फोटो आला आणि उत्तर येत असलं, तर काय लिहायचं? ‘ओळखलं. कसं ओळखलं ते सांगतो, कुठं आहे ते तू शोध.’ याला टाळ्या थोड्या कमी पडतील. त्या पडू द्याव्यात.