हशाची किंमत

काही वर्षे मी विनोद लिहून पोट भरले. नियतकालिकांतल्या रिकाम्या कोपऱ्यांसाठी चार-चार ओळींचे चुटके मी पुरवीत असे. छापलेल्या चुटक्याचे पैसे मिळत. साभार परत आलेल्याचे काहीच मिळत नसे.

या व्यवहारात एक गोष्ट मला लवकरच उमगली. चार ओळींत माणसाची ओळख करून द्यायला जागा नसते. म्हणून वाचकाला आधीच ठाऊक असलेला माणूस लागतो : कंजूष शेठजी, खाष्ट सासू, विसरभोळा प्राध्यापक. तो दिसताच वाचक हसायच्या तयारीत बसतो. शेवटी नुसता धक्का द्यायचा. मात्र तो धक्का देणारा शब्द अगदी अखेरीस आला पाहिजे. आपल्या मराठीत त्याच्यामागून एखादे ‘आहे’ रेंगाळत येते, आणि तेवढ्याने निम्मे हसू विरते. ते ‘आहे’ पुढे सरकवून वाक्य फिरविण्याचे कसब मला साधले होते.

एका आठवड्यात शेठजी संपले, सासूही संपली. तेव्हा मी आमच्या चाळीतल्या एका तोतऱ्या गृहस्थांना कामाला लावले. नाव बदलले, गाव बदलले; बोलणे मात्र त्यांचेच ठेवले. चुटका छापून आला आणि चाळीत मोठ्याने वाचला गेला. तो अंक त्या गृहस्थांनीच मला आणून दिला. “छान जमलंय,” एवढेच ते म्हणाले, तेही एकेक अक्षर सांभाळून. त्यानंतर जिन्यात भेटले की ते नुसती मान हलवीत. इतरांशी बोलत असले, तरी मी येताच गप्प होत.

पोटासाठी केले, अशी मी मनाची समजूत घातली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) वकिली करीत, चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) बडोद्यास पाली शिकवीत. विनोदावर त्यांची चूल अवलंबून नव्हती. त्यांना सभ्यता परवडत होती! पण ही पळवाट टिकली नाही. चिमणरावाची फजिती स्वतः चिमणरावच सांगतो. सुदामाही ज्या रूढींची थट्टा होते, त्यांच्या गराड्यातच उभा असतो. हशाची किंमत मोजायला या लेखकांनी ‘मी’ला पुढे केले. मी शेजाऱ्याला पुढे केले आणि पैसे मात्र स्वतः घेतले. हा फरक चुलीचा नव्हे. उपाशी माणसालाही स्वतःची फजिती सांगता येते. ती फक्त लिहायला वेळ अधिक लागतो, आणि खपते कमी.

पुढे मी ‘मी’ घालूनच लिहू लागलो. मिळकत घटली, त्याचे दुःख झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

त्या गृहस्थांची क्षमा मात्र मी कधी मागितली नाही. मागितली असती, तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावे लागले असते, आणि तेही माझ्यादेखत.