वाचलेल्या वावराची कृपा



आपल्यापैकी जे यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत वाढले, त्यांना हिवाळा सरताना होणारी गारपीट वेगळी सांगायला नको. तुरी निघालेल्या, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली, गहू ओंबीवर आणि हरभरा घाट्यांवर आलेला. दुपारी आभाळ काळेनिळे होई आणि टिनांवर कोणी दगड मारावेत तसा आवाज सुरू होई. कवेलू फुटत. आम्ही मुले मात्र वाटी घेऊन अंगणात पळायचो. गार फोडली की आत कांद्यासारखे पापुद्रे दिसत. ती कोणी खायची यावरून भांडणे होत. ओसरीवरची मोठी माणसे गप्प उभी असत.

संध्याकाळी कळे, एकाचे वावर झोपले आणि बांधापलीकडचे जसेच्या तसे उभे आहे. मग दोन वाक्ये हमखास कानी पडत. एक, "कोणाचं तरी पाप भोवलं." दुसरे, "आपल्यावर देवाची कृपा, आपलं वाचलं." पहिले वाक्य क्रूर आहे हे सहज कळते. आमचे अडते ते दुसऱ्यापाशी. आपले वाचले ही कृपा, तर शेजाऱ्यावर ती नव्हती काय?

गारा पट्ट्यापट्ट्याने का पडतात हे आता शाळेतली मुलेही सांगतील. बंगालच्या उपसागरावरून आलेली ओलसर हवा आणि वरची थंड, कोरडी हवा यांची गाठ पडते, ढग उंच चढतो, थेंब वर जाऊन गोठतात, थरावर थर चढतात आणि भार पेलेनासा झाला की खाली येतात. त्या ढगाला सातबारा वाचता येत नाही. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि राज्याच्या इतर भागांत गारा पुन्हा पुन्हा कोसळल्या. त्या वर्षी राखेचा बुधवार ५ मार्चला होता. कपाळावर राख लावून घेणाऱ्या किती शेतकऱ्यांच्या मनात तेव्हा "माझं काय चुकलं?" हा प्रश्न असेल!

कोणी म्हणेल, निर्गमाच्या पुस्तकात गारा ही फारोला शिक्षाच होती. खरे आहे. पण तिथे आधी इशारा दिला होता, आणि ज्यांनी तो मानला त्यांनी माणसे-गुरे घरात घेतली. आपल्याकडे कोणी मोशे इशारा देऊन गेलेला नसतो. पडलेले पीक पाहून मागाहून पापी शोधण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? लूकच्या शुभवर्तमानातील शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्या अठरा जणांचा उतारा दर तीन वर्षांनी उपवासकाळात आपण ऐकतो. ते इतरांपेक्षा अधिक दोषी होते, हे प्रभू येशू साफ नाकारतो आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. म्हणजे बोट वाचलेल्यांकडेही वळते.

मग आभार मानायचेच नाहीत? तसे आम्हांला वाटत नाही. घरात दाणे येणार म्हणून ज्याला आनंद होत नाही, तो शेतकरीच नव्हे. पण ते आभार ज्याचे गेले त्याच्या समोर बसून म्हणता आले पाहिजेत. त्याच्यासमोर जीभ अडखळली, तर आपण आभार मानत नसून स्वतःच्या पुण्याईचा दाखला वाचत होतो असे समजावे. आणि त्याच्यासमोर रिकाम्या हाताने तर ते म्हणताच येणार नाहीत.

सरकारी मदतीला मोजमाप लागते, त्याला इलाज नाही. पूर्वी निम्मे पीक गेल्याशिवाय मदत बसत नसे. २०१५ साली ती अट ३३ टक्क्यांवर आली. तलाठी पंचनामा करतो, कागद पुढे सरकतो, वेळ जातो. शेजाऱ्याला मात्र टक्केवारी लागत नाही, त्याला बांधावरूनच दिसते. गुरांना कुटार हवे असते, पोरीचे लग्न तोंडावर असते, पुढच्या पेरणीला बियाणे हवे असते.

काही घरांत हे फार न बोलता होत असे. हरभरा निघाला की वाचलेल्या घरची माय दोन पायल्या टोपल्यात भरी, वर फडके टाकी आणि शेजारी पाठवी. नेणाऱ्या पोराला बजावी, "ठेव आन् ये. कशाचे हायेत ते तिथं बोलू नको."