सोवळ्या घरचा शब्द

इंग्रजीत ‘कॅस्टिगेट’ असे एक क्रियापद आहे. अर्थ : कडक शब्दांत दोष देणे. आपण खरडपट्टी काढणे म्हणतो तेच, जरा कोट-टाय घालून! पण त्याचे कूळ मात्र सोवळे. लॅटिनमध्ये ‘कास्टुस’ म्हणजे शुद्ध. त्यावरून ‘कास्टिगारे’, म्हणजे मुळात शुद्ध करणे. रोमन लोक शब्दांनी कान उपटीत तेही याच क्रियापदाने आणि फटके मारीत तेही याच. मारण्याला शुद्धीचे नाव देण्याची युक्ती जुनीच दिसते.

मात्र या शब्दाला एक फार गोड वळणही होते. प्लिनी हा रोमन ग्रंथकार इ. स. 79 मध्ये, व्हेसुव्हियसच्या उद्रेकाच्या वेळी मेला. पुढे शतकानुशतके नकला होता होता त्याच्या निसर्गविषयक महाग्रंथात चुकांचे रान माजले. एर्मोलाओ बार्बारो या इटालियन पंडिताने ते उपटले आणि 1492-93 साली रोममध्ये आपला ग्रंथ छापला. नाव काय, तर प्लिनीचे ‘कास्टिगात्सिओनेस’! सुमारे 5000 चुका दुरुस्त केल्याचे तो सांगतो. इथे ‘कास्टिगारे’ म्हणजे पाठशुद्धी. घाव सारे नकलाकारांच्या चुकांवर. प्लिनीच्या अंगाला ओरखडा नाही.

आता आपल्या घरात या. ‘चकली मऊ पडली’ हे बार्बारोचे बोलणे झाले. ‘तुला मेलीला कधी काही जमलेच नाही’ ही शुद्धी नव्हे, ही सालटी काढणे झाले. चकली बाजूला राहते आणि माणूस तळला जातो. वर आपण म्हणतो, तिच्याच भल्यासाठी बोललो!

मग कठोर बोलूच नये काय? मला तसे वाटत नाही. त्याच 1492 साली फेर्‍यारा येथील निकोलो लेओनिचेनो या वैद्याने प्लिनीलाच धरले. चुका नकलाकारांच्या नव्हेत, खुद्द प्लिनीच्या आहेत, असे त्याने रोखठोक लिहिले. प्रश्न औषधी वनस्पतींचा होता. नावात घोटाळा झाला तर रोग्याच्या पोटात भलताच पाला जायचा. तिथे मोठ्या नावाची भीड धरणे हेच पाप. आणि लेओनिचेनोने नुसती आदळआपट केली नाही. ग्रीक ‘किस्सोस’ ही वेल, ‘किस्थोस’ हे निराळेच झुडूप, आणि प्लिनीने दोहोंची गल्लत केली, अशी एकेक वनस्पती घेऊन त्याने चूक दाखविली. ज्याला पटत नसेल त्याने दोन्हींची पाने आणून शेजारी ठेवावीत.