राखून ठेवलेले देणे

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग २००७ साली महानगरपालिकेत सामील झाला. तोवर तेथे स्वतंत्र नगरपालिका होती. व्हाइटफील्डचे तंत्रज्ञान-संकुल, बाह्य वर्तुळाकार रस्त्यावरील कचेऱ्या, नोकरदारांच्या उंच वसाहती आणि २०२३ मध्ये येऊन पोहोचलेली मेट्रो यांमुळे बांधकाम ही तेथील नित्याची अवस्था झाली आहे. अशा ठिकाणी एक व्यवहार रोज घडतो, पण त्याचा नैतिक अंगाने विचार क्वचितच होतो. तो म्हणजे झालेल्या कामाच्या मोबदल्याचा काही भाग सगळे काम पुरे होईपर्यंत राखून ठेवणे.

व्यवहाराची रीत साधी आहे. कामाचे मोजमाप होते, बिल मंजूर होते आणि त्यातून सामान्यतः शेकडा पाच ते दहा इतकी रक्कम कापून ठेवली जाते. इमारत पुरी झाल्यावर तिचा अर्धा भाग मिळतो व उरलेला अर्धा दोषदायित्वाची मुदत संपल्यावर. या प्रथेचा उगम १८४० नंतरच्या दशकातील ब्रिटनच्या रेल्वेबांधणीत मानला जातो. पुरेसे भांडवल वा कसब नसलेले अनेक कंत्राटदार त्या वेळी काम अर्धवट टाकून बुडाले, म्हणून कंपन्यांनी त्यांच्या बिलांतील काही भाग हाताशी ठेवावयास आरंभ केला.

या प्रथेमागे केवळ अविश्वास आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. बांधकामातील बरेचसे काम दिसेनासे होण्यासाठीच केलेले असते. सळ्या काँक्रीटमध्ये गाडल्या जातात, नळ भिंतीत जातात, गच्चीचा जलरोधक थर फरशीखाली झाकला जातो. त्यांचा खरेपणा पहिल्या पावसाळ्यातच कळतो. जे आज कळू शकत नाही त्याची किंमत आज पूर्णपणे चुकती करू नये, या म्हणण्यात विवेक आहे. राखून ठेवलेली रक्कम ही या दृष्टीने शिक्षा नव्हे. सत्य उघड होण्यास लागणाऱ्या काळाची ती तरतूद होय.

परंतु प्रश्न येथेच सुरू होतो. ही रक्कम त्या मधल्या काळात कोणाची असते? काम तर झालेले असते, मोजलेले असते, मान्यही झालेले असते. नीतीच्या दृष्टीने पाहता ती कंत्राटदाराचीच, मात्र अटीने बांधलेली. ती ज्याच्या हाती आहे तो तिचा राखणदार आहे, धनी नव्हे. प्रत्यक्षात मात्र राखणदार तिला आपले खेळते भांडवल समजतो आणि तो बुडाला की ठेवही बुडते. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली मेनझील ही बांधकाम कंपनी कोसळली तेव्हा उपकंत्राटदारांच्या वाट्याला हेच आले. २०१७ पासून तेथील कायद्याने अशी रक्कम विश्वस्त म्हणून सांभाळणे बंधनकारक केले. नैतिक जाणीव कायद्यात उतरण्यास पुष्कळांचे नुकसान व्हावे लागले.

मराठी व्यवहारात या प्रथेचे दोन जुने सोबती आहेत. इसार हा सौदा ठरताना आधी दिला जातो. देणारा आपला शब्द पैशाने बांधून घेतो. उचलही आधीच दिली जाते, पण तिचा स्वभाव वेगळा. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणारे कुटुंब मुकादमाकडून उचल घेते आणि हंगामभर त्या रकमेला बांधले जाते. उचल ऋणाने बांधते, राखीव रक्कम येण्याने बांधते. दिशा उलट असली तरी दोहोंत दोरी एकाच बाजूला धरलेली असते. म्हणून पैसा आधी दिला की नंतर, एवढ्यावरून न्याय ठरत नाही. दोरी कोणाच्या हाती आहे, यावरून तो ठरतो.

घर घेणाऱ्याची बाजू पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधणीतील दोष दूर करण्याची जबाबदारी विकासकावर टाकली. त्यासाठी ग्राहकाच्या हाती मात्र काय राहते? महाराष्ट्राच्या नियमांतील नमुना करारानुसार ताब्याच्या वेळी शेकडा पाच एवढेच देणे उरलेले असते आणि तेही चुकते केल्यावरच किल्ली मिळते. बलवान पक्ष दुर्बळाचे पैसे राखून ठेवतो. दुर्बळाला बलवानाचे राखता येत नाहीत.

या साखळीचे शेवटचे टोक म्हणजे गवंडी आणि बिगारी. विकासक कंत्राटदाराचे राखतो, कंत्राटदार उपकंत्राटदाराचे आणि तो अखेरीस मजुराची पंधरवड्याची मजुरी 'वरून पैसे आले नाहीत' म्हणून अडकवतो. येथे मात्र प्रथेचे सारे समर्थन गळून पडते. कंत्राटदाराच्या मोबदल्यात जोखमीचा वाटा धरलेला असतो, मजुरीत तो नसतो. मजुराने काय बांधावे हे त्याने ठरविलेले नसते, सिमेंट किती घालावे हेही नाही. शिवाय दोषदायित्वाची मुदत संपेल तेव्हा तो दुसऱ्याच शहरात दुसऱ्याच पायाचे खोदकाम करीत असतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने थकविलेली मजुरी देण्याचे दायित्व मूळ मालकावर टाकले, त्यामागे हाच विचार होता.

तेव्हा देणे राखून ठेवणे हे मुळात पाप नव्हे. संशयाला कारण असावे, मुदत निश्चित असावी, 'काम पुरे झाले' हे ठरविणारा तिऱ्हाईत असावा आणि ठेव वेगळी जपली जावी. एवढे पाळले तर ती प्रथा सचोटीला बळच देते. यांतील एक जरी गाळले तरी तिचे रूप पालटते. कामाच्या पूर्णतेची कसोटी घेणाऱ्याने आपल्या देण्याची पूर्णताही त्याच कसोटीला लावली पाहिजे. ज्या इमारतीच्या गवंड्याची मजुरी अजून कोणाच्या तरी खात्यात पडून आहे, तिला पूर्णत्वाचा दाखला मिळाला तरी ती पुरी झाली असे म्हणता येत नाही.